वार मोडल्याची साक्ष

बहिणीकडून परत आले आणि दुसऱ्या दिवशी विड्या वळायला बसले, तेव्हा शेजारच्या शोभानं विचारलं, "काय गं शालू, कसं झालं जाणं-येणं?" मी म्हटलं, "बरं झालं." कोर्ट कसं असतंय, जज्ज कुठं बसतोय, भ्या वाटलं काय, असं तिनं पुष्कळ विचारलं. मी "तसं काय न्हाय" म्हणून सूप मांडीवर ओढलं आणि पान कापायला लागले.

मला चारचौघींत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले तेव्हाही बाईंनी उभं करून वाचायला सांगितलं की घसा आवळायचा. लिहायला दिलं की पाटी भरायची. म्हणून हे लिहिते आहे. शोभासारख्या ज्या तिकडं कधी गेल्या नाहीत त्यांना कळावं म्हणून लिहिते, पण शोभाला दाखवेन असं वाटत नाही. आक्काच्या गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. का, ते पुढं कळेल.

निपाणी सोडली

आक्का माझी थोरली बहीण. तिला खानापूरच्या पलीकडं, रानातल्या गावात दिली आहे. भावजी गोव्याला कामाला असतात, सणाला येतात. आक्काचा फोन आला तो असा: "शालू, माझी कोर्टात साक्ष हाय. तुझ्या भावजींस्नी सुट्टी न्हाय. तू ये. बोलू नगंस, नुसती बस माझ्याजवळ."

एवढं मला जमण्यासारखं होतं, म्हणून निघाले.

कोर्टाचं प्रकरण मला ठाऊक होतं. आक्काच्या गावामागं देवाचं रान आहे. त्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरची एक पार्टी आली आणि म्हणाली, ही जमीन आम्ही विकत घेतली आहे, इथं रिसॉर्ट होणार. गावच्या पंचांनी बेळगावच्या कोर्टात दावा लावला. कोर्टानं स्टे दिला, म्हणजे निकाल लागेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. पण पावसाळ्यानंतर गावकरी देवाला नारळ द्यायला आत गेले, तर झऱ्याकडची मोठमोठी झाडं नव्हती. पाल्यात झाकलेले बुडखे होते. पार्टी म्हणाली, ही झाडं स्टे मिळण्याआधी तोडली होती. गाव म्हणालं, नंतर तोडली. कुणी पाहिलं होतं का? गावातलं कुणीच बोललं नाही. मग आक्का बोलली, मी पाहिलंय.

निपाणीच्या स्टँडवर गाडीत बसले तेव्हा हाताला तंबाखूचा वास होता. संकेश्वरपर्यंत दोन्हीकडं ऊसच ऊस. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांमागं गाडी रेंगाळली. मला वाटलं, अशीच रेंगाळत राहिली आणि बेळगाव आलंच नाही तर बरं होईल. पण आलं. गाडी बदलून खानापूर गाठलं.

खानापूरच्या पुढं

खानापुरात वडापची जीप भरायला वेळ होता म्हणून चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. तिथं एक माणूस मोटारसायकल लावून चहा पीत होता. हातात चांदीचं जाड कडं. बोलायला अगदी गोड.

"पावण्या कुठल्या?"

मी चहाकडं बघितलं. टपरीवाल्यानंच माझ्या पिशवीकडं बघून सांगितलं, "निपाणीच्या असतील. पिशवीवर दुकानाचं नाव हाय की."

"निपाणी व्हय? लई चांगलं गाव. निपाणीत कुठं, विडीवाल्यांच्या गल्लीला काय?" आणि हसून म्हणाला, "बहिणीकडं आलाय न्हवं? जावा, जावा. जपून जावा. वाटंला गवा उतरतोय सांजचा."

मी चहा तसाच ठेवून जीपमध्ये जाऊन बसले. बहिणीकडं जाते आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जीप सुटेपर्यंत पिशवी उलटी करून मांडीवर धरली होती, नाव आत जाईल अशी. त्याचा आता काय उपयोग होता कोण जाणे.

रस्ता जसा आत जातो तसं आभाळ कमी होतं. आमच्याकडं माळावर उभं राहिलं की चार गावं दिसतात. इथं दहा पावलांपुढचं दिसत नाही. मत्तीची, किंदळाची झाडं एवढी उंच की शेंडा बघायला मान मोडावी लागते. जीप फाट्यावर थांबली आणि उरलेली वाट चालायची होती. आक्का काठी घेऊन घ्यायला आली होती. तिला बघून माझ्या जिवात जीव आला. पण तिनं आधी विचारलं, "वाटंत कोण भेटलं का?"

मी टपरीवरच्या कडेवाल्याचं सांगितलं. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. दूर कुठंतरी लोंढ्याकडं जाणाऱ्या रेल्वेची शिट्टी ऐकू आली. मग पुन्हा नुसते किडे.

पहिल्या हाकेला ओ नाही

जेवण करून वाढलं तिनं. आमच्यासारखी जोंधळ्याची भाकरी तिथं रोज नसते. भात, आमसुलाची कढी, अळसांद्यांची आमटी. अळसांदे म्हणजे मोठी चवळी, पण चव चवळीहून गोड. खर्डा मात्र आक्कानं माझ्यासाठी निपाणीसारखा केला होता. "हितल्या लोकांस्नी एवढं तिखाट सोसत न्हाय," म्हणाली. खाताना थोडा वेळ मी कोर्ट विसरले.

जेवणाआधी एक गंमत झाली होती. तेव्हा मात्र ती गंमत वाटली नाही. ऊन उतरलं होतं. आक्का मागं गोठ्यात गेली होती. मी परसात उभी राहून "आक्का" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मला टपरीवरचा माणूस आठवला. पुन्हा हाक मारली तेव्हा ती शेणाचे हात घेऊन आली.

"ऐकू आलं न्हाय व्हय गं?"

"आलं की. पर हितं पहिल्या हाकेला ओ द्यायची न्हाय." तिनं रानाकडं हनुवटी केली. "आपलं माणूस दुसऱ्यांदा हाक मारतंय. दुसरं जे काय असतंय, ते एकदाच मारतंय."

"आणि ओ दिली तर?"

"तर त्याला कळतंय, घरात कोण हाय ते."

मी नको तेवढं विचारलं असं वाटलं.

मग चुलीपाशी बसून तिनं मला ते सांगितलं, जे फोनवर सांगितलं नव्हतं. झाडं तोडताना तिनं पाहिलं तो दिवस वाराचा होता.

हे समजावून सांगायला हवं. वार आमच्याकडंही पाळतात, पण निपाणीत आता एखादं घर पाळतं, एखादं नाही. आक्काच्या गावात चैत-वैशाखातले ठरलेले मंगळवार सगळं गाव पाळतं. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, कुऱ्हाड उचलायची नाही, रानात पाऊल टाकायचं नाही. गुरंसुद्धा दावणीला. गाव आपापल्या उंबऱ्याच्या आत असतं. पूर्वी पटकीची साथ यायची, गावंच्या गावं ओस पडायची, तेव्हापासूनचा हा नेम. कुणी एकानं वार मोडला तर त्याचं सगळ्या गावाला भोगावं लागतं असं मानतात. मागं एकानं मोडला होता. त्या साली गुरं मेली. त्याच्या घरचं पाणी गावानं बंद केलं होतं, आणि त्याच्या नातवाला अजून "वारमोड्याचा" म्हणतात.

"रेडकू आदल्या सांजंला आलं न्हवतं," आक्का म्हणाली. "म्हैस रातभर वरडली. मंगळवारी दुपारी सगळं गाव घरात पडलेलं. मागच्या दारानं गेलते. झऱ्याच्या अलीकडं मशीन ऐकू आलं. करवतीचं. बघते तर चार-पाच माणसं. जांभळीचं ते मोठं झाड हललं, शालू, आणि पडलं न्हाय लगेच. दुसऱ्या झाडांनी धरून ठेवलं त्याला. मग पडलं."

"तू काय केलंस?"

"तोंडावर पदर धरून बसले. ती माणसं बुडख्यांवर पाला वढाय लागली. रेडकू तिथंच पाण्यात उभं हुतं, त्याला बी दिसलं सगळं."

"गावात ठाऊक हाय? वाराचं?"

"न्हाय. वकीलबाईंस्नी सांगितलंय. गावाला एवढंच ठाऊक हाय की मी बघितलंय. कधी, ते कुणी इचारलं न्हाय. आप्पांनी बी न्हाय."

आप्पा म्हणजे रवळू आप्पा, देवाचे मानकरी. दावा त्यांच्याच नावानं आहे. वार कुठले धरायचे ते तेच देवळासमोर सांगतात, आणि वार मोडला तर काय करायचं तेही तेच सांगतात. थोड्या वेळानं ते स्वतः आले. पांढऱ्या मिशा, धोतर, आणि खोकला. असा खोकला की आधी दोन लहान, मग एक लांब, शेवटी घसा खाकरून "देवा". वाटेवरूनच कळावं कोण आलं ते.

"निपाणीची व्हय तू?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. "बोलत न्हाय काय ही?"

"लाजती," आक्का म्हणाली.

"बरं हाय. कोर्टात बोलणारी लई झालीत." मग आक्काकडं वळले. "उद्या नीट सांग बाई. तुझ्यावर रान हाय." बोलताना त्यांचे हात जोडल्यासारखे झाले होते. आक्का खाली बघत होती.

ते गेल्यावर ती म्हणाली, "खरं सांगितलं तर गाव सुटतंय. न्हाय सांगितलं तर रान." मी तिच्याजवळ सरकून बसले.

बेळगावचं कोर्ट

कोर्ट म्हणजे मला वाटलं होतं एक मोठी खोली असेल. तिथं इमारतीमागं इमारत, जिन्यामागं जिना, आणि काळ्या कोटांची एवढी गर्दी की आठवडी बाजार परवडला. कन्नड, मराठी, हिंदी सगळं एकात एक. आक्का, मी, रवळू आप्पा आणि दोन पंच असे गेलो होतो. आप्पा आणि पंच वकीलबाईंना शोधायला गेले आणि आम्हाला एका दारात बसायला सांगितलं. गर्दी आत गेली तशी आम्हीही आत जाऊन बाकावर बसलो. बराच वेळ एका ट्रकच्या अपघाताचं चाललं होतं. आक्का मन लावून ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "ह्यात आपलं रान कधी येतंय?" तेवढ्यात वकीलबाई धावत आल्या. आम्ही चुकीच्या कोर्टात बसलो होतो.

वकीलबाई तरुण आहेत. मी निपाणीची म्हटल्यावर त्या थांबल्या. "माझी आज्जी निपाणीत विड्या वळायची. आई बी लहानपणी धागा बांधायला बसायची." माझ्या बोटांकडं बघून हसल्या. तिथं पहिल्यांदा मला जरा श्वास घेता आला.

जिन्याखाली उभं राहून त्यांनी आक्काला पुन्हा समजावलं. "समोरचे म्हणतात ते रानच न्हाय. जुन्या कागदावर पडीक म्हणून लिहिलंय. पण दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं लई वर्सांमागं सांगून ठेवलंय की कागदावर काय बी असूदे, मालकी कुणाची बी असूदे, जिथं रान हाय ते रानच. त्याच आधारावर आपल्याला स्टे मिळालाय."

"हे सांगायला कोर्ट कशाला लागतंय?" आक्का म्हणाली. "डोळे असलेल्या कुणाला बी दिसतंय."

"सांगायला न्हाय आक्का. ऐकायला लावायला."

रवळू आप्पा मागून खोकले. "आणि स्टे असून तोडली त्याचं काय? कोर्टाचा कागद झाडाला बांधायचा व्हय?"

"त्यासाठीच आजची साक्ष हाय आप्पा. स्टे मोडला हे दाखवता आलं तर कोर्ट स्वतःचा माणूस रानात पाठवतंय, मोडणाऱ्याला जाब इचारतंय. न्हाय दाखवता आलं तर ते म्हणणार, आम्ही हुकूम पाळतोय, उगाच बदनामी. आणि हळूहळू स्टे बी उठंल." मग वकीलबाई आक्काकडं बघून हळू म्हणाल्या, "ते दिवसाचं इचारणार, कागदावर तारीख हाय. तयार रावा."

कडेवाला तिथं होताच. समोरच्या भिंतीला टेकून. मला बघून त्यानं मान लववली, ओळखीच्या पाहुण्यासारखी.

पुकारा झाला. शिपायानं दारात येऊन आक्काचं नाव नवऱ्याच्या नावासकट मोठ्यानं घेतलं. आक्का बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी होती. ती उठली नाही. मी तिच्याकडं बघितलं. ती समोर बघत होती, ओठ घट्ट. शिपाई पुन्हा आत वळला. माझ्या लक्षात आलं की पहिल्या हाकेला ती ओ देत नाही. पण हे त्याला कुणी सांगायचं? वकीलबाई आत होत्या. मला ओरडता येईना. मी तिचा दंड धरून हलवला. तेवढ्यात शिपाई वैतागून दुसऱ्यांदा ओरडला आणि आक्का शांतपणे उठून "आले" म्हणाली. दारात रवळू आप्पा शिपायाला म्हणाले, "रानातली हाय बाबा. पहिल्या हाकेला यायची न्हाय." शिपाई म्हणाला, "तिसऱ्याला गैरहजर लिवत्यात आज्जा."

साक्ष

आक्काला कन्नड कळतं, बाजारापुरतं बोलताही येतं, पण वकीलबाईंनी तिला मराठीत सांगायची परवानगी मागून घेतली. पिंजऱ्यात ती उभी राहिली तेव्हा एवढीशी दिसली. जज्जसाहेबांनी तिच्याकडं बघून मोडक्या मराठीत म्हटलं, "भिऊ नका. पाणी पाहिजे काय?" तिनं मान हलवली.

वकीलबाईंच्या प्रश्नांना तिनं नीट उत्तरं दिली. मशीन, माणसं, जांभळीचं झाड, पाला. मग समोरचे वकील उठले. वयस्कर, चष्मा, आवाज अगदी मऊ. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आक्का, तुमच्या गावात वार पाळतात?"

"व्हय."

"वाराला कुणी रानात जातं?"

"न्हाय."

"तुमच्या रवळू आप्पांनी मागच्या तारखेला ह्याच कोर्टात सांगितलंय की वाराला आमच्या गावातलं चिटपाखरू रानात जात नाही. खरं आहे ना ते?"

आप्पा माझ्या पुढच्या बाकावर होते. त्यांनी अभिमानानं मान हलवलेली मला मागून दिसली. आपल्या गावाची रीत सांगितली, यात चूक काय, असं त्यांना वाटत असणार.

"खरं हाय," आक्का म्हणाली.

"मग तुम्ही झाडं तोडताना पाहिलं म्हणता तो दिवस कुठला?"

आक्कानं पिंजऱ्याचा कठडा धरला.

"मंगळवार ना? वाराचा मंगळवार?"

ती वळून मागं बघायला लागली. माझ्याकडं नाही, आप्पांकडं. मी हातातला पदर एवढा पिळला होता की बोटं पांढरी पडली. मनात म्हणत होते, नको सांगूस. सांग दुसरा दिवस होता. रान गेलं तर गेलं, तुला त्या गावात राहायचंय. हे मी मनात म्हटलं, ते इथं लिहिते आहे.

वकील अजून मऊ आवाजात म्हणाले, "आप्पा खोटं बोलले की तुम्ही, एवढंच सांगा."

"आप्पा खरं बोलले," आक्का म्हणाली. "वाराला कुणी जात न्हाय. मी गेलते."

आप्पांची पाठ ताठ झाली.

"का गेला होता?"

"रेडकू आलं न्हवतं."

"देवापेक्षा रेडकू मोठं?"

खोलीत कुणीतरी हसलं. आक्का थांबली नाही. "तसं न्हाय साहेब. आम्ही वाराला घराभाईर पडत न्हाय, हे त्यांस्नी ठाऊक हुतं. म्हणून त्यांनी तोच दिवस धरला. आमचा वार त्यांनी बी पाळला, आपल्या सोयीनं. मी घरात बसले असते तर वार ऱ्हायला असता. झाडं न्हाय."

जज्जसाहेबांनी लिहून घेणाऱ्याला थांबवलं आणि वकीलबाईंना ते पुन्हा कन्नडमध्ये सांगायला लावलं. मग समोरच्या वकिलांनी आणखी पुष्कळ विचारलं. अंतर किती होतं, डोळ्यांना दिसतं का, जमिनीवरून कुणाशी भांडण आहे का. आक्का उत्तरं देत राहिली. मला त्यातलं फार आठवत नाही. मी आप्पांची पाठ बघत होते.

शेवटी कोर्टानं सांगितलं ते वकीलबाईंनी बाहेर येऊन समजावलं. स्टे तसाच राहील. कोर्टाचा एक कमिशनर फॉरेस्टच्या माणसांना घेऊन रानात जाईल, बुडखे तपासेल, कधी तोडलेत ते सांगेल. स्टे मोडल्याचं प्रकरण पुढच्या तारखेला. निकाल नव्हे, पण दार बंद झालं नाही. "आक्का, तुम्ही नसता तर आज संपलं हुतं," असं त्या म्हणाल्या.

कँटीनमध्ये उप्पीट आणि चहा घेतला. आप्पांना पंचांनी बोलावलं, पण ते आमच्या टेबलाशी आले नाहीत. लांब खांबाशी उभे राहिले, पाठ करून. आक्कानं उप्पीट चमच्यानं इकडून तिकडं केलं, खाल्लं नाही.

बाहेर पडताना कडेवाला शेजारून चालला. "निपाणीची गाडी त्या बाजूला लागती बघा," मला म्हणाला. "वेळंत घर गाठा. घरचे वाट बघत असतील." पुन्हा तेच गोड हसणं. मला त्या गाडीत बसावंसं फार वाटलं. पण आक्काला एकटीला त्या गावात सोडायचं म्हणजे काय ते मला दिसत होतं. मी तिच्याबरोबर खानापूरच्या गाडीत चढले.

परतीच्या वाटेत मी आक्काला खिडकीकडं बसवलं. आप्पा पुढच्या सीटवर. त्यांचा खोकलाही ऐकू आला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

गाऱ्हाणं

सकाळी देवळाची घंटा झाली. अवेळी. शेजारीण दारावरून जाताना आत न बघता म्हणाली, "आप्पांनी सगळ्यांस्नी बोलावलंय." रोज ती मागच्या परड्यातून चार गोष्टी बोलते म्हणे.

आक्कानं धुतलेलं लुगडं नेसलं. आम्ही गेलो तेव्हा लोक बाजूला सरकले, वाट देण्यासाठी नाही, अंग लागू नये म्हणून. मी तिचा हात धरला होता. कुणीतरी मागून म्हणालं, "कोर्टात सांगायला बरं धाडस झालं, गावात सांगायला न्हाय."

रवळू आप्पांनी देवापुढं नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. हे आमच्याकडं नाही. तिथं मानकरी देवाशी मोठ्यानं बोलतो, एखाद्या थोर माणसाशी बोलावं तसं, आणि प्रत्येक वाक्याला लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा."

"बा देवा, तुझ्या लेकीनं वार मोडला."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांचा आवाज एकदम आला. मी डोळे मिटले.

"रानात पाऊल टाकलं. कबूल केलं. काय त्याचा भोग असंल, ते तू बघ."

"व्हय म्हाराजा."

मग आप्पांना खोकला आला. दोन लहान, एक लांब. बराच वेळ. लोक थांबले. मी डोळे उघडले तर ते नारळावर हात ठेवून वाकले होते.

"आणि देवा," ते म्हणाले, आवाज बसला होता, "त्या दुपारी करवत म्या बी ऐकली. घरात पडलो हुतो. वाऱ्यावर येत हुती. म्हटलं, दुसरीकडची असंल. म्हटलं, वार हाय, उठायचं न्हाय. ज्यांनी ज्यांनी ऐकली आणि कूस बदलून पडून ऱ्हायलं, त्यांचा बी भोग तूच बघ."

कुणी "व्हय म्हाराजा" म्हणालं नाही. एक म्हातारी मान खाली घालून मातीत बोट फिरवत होती. दोन माणसं एकमेकांकडं बघून पटकन दुसरीकडं बघायला लागली. मला कळलं, पुष्कळांनी ऐकली होती. रानाच्या एवढ्या कडेला गाव, कसं ऐकू येणार नाही?

शेवटी आक्का एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आप्पांनी नारळ फोडला. एक भकल देवाला ठेवलं, दुसरं कुणाला द्यायचं ते त्यांना सुचलं नसावं, ते हातातच धरून उभे राहिले. लोक पांगले. आक्काला कुणी शिक्षा सांगितली नाही, कुणी जवळही घेतलं नाही. शेजारीण त्या दिवशीही परड्यात आली नाही.

दुपारच्या जीपनं मी निघाले. फाट्यापर्यंत आक्का आली. "वाटंत थांबू नगंस," म्हणाली, "आणि पिशवी बदल."

निपाणीत परत

पिशवी बदलली. गल्लीत मोटारसायकल थांबली की अजून हातातली कात्री थांबते. सुपात पानं असतात ती कुठल्या रानातनं येतात, मी कधी विचारलं नव्हतं. आता पान कापताना मनात येतं.

कमिशनर येऊन गेला. बुडखे पाहून गेला. पुढची तारीख पडली, मग आणखी पुढची. स्टे आहे. पण कोर्ट बेळगावात आहे आणि रान तिथं आहे, मधली वाट मी चालून पाहिली आहे.

चैत लागला आणि वार सुरू झाले. पहिल्या मंगळवारी दुपारी मला हातातलं पान दिसेना. सगळं गाव उंबऱ्याच्या आत असणार. आक्कानं सांगितलं होतं, ह्या वर्सी मी वाराला झऱ्यापाशी जाऊन बसणार, मोडलाय तो मोडलाय. म्हणून मी फोन लावला. तिनं उचलला नाही. पहिल्या हाकेला ती उचलत नाही, हे ठाऊक असूनही मी सूप बाजूला सारलं. शोभा म्हणाली, "काय गं, पांढरी पडलीस?" मी पुन्हा लावला.

"हां," आक्का हळू बोलली.

"कुठं हाईस?"

"हितंच. झऱ्यावर."

"आवाज?"

"ऐक," म्हणाली, आणि तिनं फोन रानाकडं धरला असावा. मी दुसऱ्या कानावर हात ठेवला. किडे होते. पाण्याचा बारीक आवाज होता. लांब एक पाखरू. मी करवत शोधत होते, श्वास धरून, आणि ती नव्हती.

"कुणी हाय काय गं तुझ्याजवळ?" मी विचारलं. "एकटीच हाईस?"

ती काही बोलायच्या आत तिच्या मागून आलं. दोन लहान, एक लांब, आणि शेवटी, घसा खाकरून, "देवा."